खोरोंग

आमच्या भाषेत विरजण पडतं ते
उत्साहावर, ठरत आलेल्या लग्नावर, सहलीच्या बेतावर.
हे मी त्सेवेलमाला सांगितलं तेव्हा
ती याकच्या कासेपासून उठली नाही,
नुसती हसली, आणि दुधाची धार जरा वाकडी गेली.
त्यांच्याकडे विरजणाला खोरोंग म्हणतात,
आणि खोरोंग म्हणजेच धनदौलत. एकच शब्द.
बँकेतली, कुरणावरची, आणि ही
चामड्याच्या बुधल्याच्या तळाशी उरलेली, आंबूस वासाची.

खोव्सगोलच्या उत्तरेला, जूनमध्येही
पहाटे बादलीवर बर्फाची साय धरते, तिथे
मी काचेच्या कुप्या घेऊन गेले होते.
प्रश्न साधा होता, कागदावर तरी:
मोठेपणी दूध पचवायची किल्ली
या लोकांच्या जनुकांत जवळजवळ नाहीच,
तरी उन्हाळाभर ते दुधावर जगतात.
मग पचवतं कोण?
बुधल्यातले जंतू? आतड्यातले? की दोघे मिळून,
जावाजावांनी एक चूल चालवावी तसे?
नक्की अजून कुणालाच ठाऊक नाही.
अहवालात मी हेच जरा लांबवून लिहिलं.

शेजारच्या खोऱ्यात पुरलेल्या एका बाईच्या
दाढेवर किटण होतं, दगड झालेलं.
त्यात दुधाचं प्रथिन निघालं, तीन हजार वर्षांपूर्वीचं.
तिने दात घासले असते तर आम्हाला काही कळलं नसतं.
त्सेवेलमाला याचं कौतुक वाटलं नाही.
"मग ती काय पाण्यावर जगत होती?"

मी लहानपणापासून दूध न सोसणारी.
चहात चमचाभर गेलं तरी दुपारी पोटात पखवाज.
तिथे नऊ आठवडे वाडगे रिकामे केले.
पहिल्या चार दिवसांत टेकडीमागे किती फेऱ्या झाल्या
ते तिचा मुलगा गानसुख अजून फोनवर विचारतो.
पाचव्या दिवशी सगळं शांत.
माझ्या आत कुणी नवं राहायला आलं होतं,
की जुनेच भाडेकरू नवं काम शिकले होते, कोण जाणे.

निघताना तिने कुपी भरून दिली,
पण आधी पश्चिमेकडे पाहून घेतलं:
दिवस मावळल्यावर पांढरं काही दाराबाहेर देत नाहीत.
माझी आईही देत नसे.
दोघींची कधी गाठ पडली नाही.

मग लायपझिग. उणे ऐंशी अंश. बारकोड.
कप्पा चौथा, डबा सतरा.
आतल्यांची वंशावळ आम्ही लिहून काढली,
निम्म्यांना अजून नाव नाही.

त्या हिवाळ्यात झुद आला.
बर्फावर बर्फ, खाली गवत असून तोंडाला नाही.
सव्वीस याक उभ्या जागी गेले.
घाईने तळ हलवताना बुधला फुटला,
राखीव म्हणून विरजणात भिजवून वाळवलेलं फडकं
कुत्र्याने चघळलं.
एप्रिलमध्ये फोन आला, आवाज तुटत होता:
"माझं खोरोंग तुझ्याकडे आहे ना. पाठव."

मी अर्ज केला. जैविक नमुना, देशाबाहेर.
मानवी सेवनास अयोग्य, असा शिक्का.
समितीची बैठक ऑगस्टमध्ये.
हे तिला कसं सांगायचं याचे शब्द जुळवत
तीन आठवडे मी फोन टाळला.
विरजण कशावर पडतं, मला पाठ होतं.

जूनमध्ये गानसुखने फोटो पाठवला:
नवा बुधला, गळ्याला निळा रेशमी खदग.
नदीपलीकडच्या ओयुन्बिलेगकडून आणलं, म्हणाला.
सहा वर्षांपूर्वी आईनेच तिला दिलं होतं.
"चव जरा बदललीय. आई म्हणते,
परक्या घरी राहून आलंय, येईल वळणावर."

डबा सतरा जागेवर आहे. तापमान रोज नोंदतो.
मी कधीमधी दार उघडते,
गार वाफ पायांवर उतरते,
बारकोड पुसून पाहते, दार लावते.
तिकडून परतल्यावर दीडेक महिन्यातच
दुपारचा पखवाज पुन्हा सुरू झाला.